नाकाबंदीवरून गेलेला आवाज

नकाशात भिवंडीवर बोट ठेवा आणि सरळ उत्तरेला सरकवा. शंभरेक किलोमीटरवर सेलवास लागतं, दादरा-नगर हवेलीचं मुख्य गाव. १९५४ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथे पोर्तुगालचा झेंडा होता, पोर्तुगीज पोलीस होते आणि त्या पोलिसांकडे वायरलेसचे संच होते. आता बोट परत भिवंडीवर आणा आणि दक्षिणेला न्या. पावणेचारशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोली. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून एक रेडिओ केंद्र बोलू लागलं. गोवा पारतंत्र्यात आहे आणि तो मुक्त झालाच पाहिजे, हे ते सांगत होतं. हे केंद्र उभं राहिलं होतं त्याच पोर्तुगीज पोलिसांकडून हिसकावून घेतलेल्या दोन वायरलेस संचांतून!

केंद्राचं पोर्तुगीज नाव होतं 'व्हॉझ द लिबरदाद' आणि कोकणी नाव 'गोंयच्या सोडवणेचो आवाज'. ते सहा वर्षं चाललं. रानात जळवा होत्या, साप होते, आणि पाऊस तर आंबोलीचा! समोर होती साडेचारशे वर्षं मुरलेली सत्ता. तिच्याकडे तोफा होत्या, तुरुंग होते, सेन्सॉर होता आणि पणजीत स्वतःचं दणदणीत रेडिओ केंद्रही होतं. तरीही तिला हा आवाज थांबवता आला नाही. का नाही? हे समजून घेताना विज्ञान आणि माणसं दोन्ही थक्क करतात.

सुरुवात करू या बंद सीमेपासून.

१९४७ साली इंग्रज गेले, पण गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली पोर्तुगालकडेच राहिली. लिस्बनमध्ये सालाझार यांची हुकूमशाही होती. १९५१ साली त्यांनी राज्यघटना बदलून या वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' ठरवलं. म्हणजे गोवा ही वसाहतच नाही, तो पोर्तुगालचा एक तुकडा आहे, तेव्हा सोडण्याचा प्रश्नच येत नाही! गोव्यात छापल्या जाणाऱ्या अक्षर न् अक्षरावर सेन्सॉरची नजर असे. लग्नाची पत्रिकासुद्धा त्याच्या डोळ्यांखालून जाई. कुणाचा कुणाशी विवाह आहे हेही सरकारने आधी वाचायचं, मग पाहुण्यांनी.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या सगळ्या भागांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसं जागच्या जागी गेली. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी संबंध तोडले, सीमा बंद केली, रेल्वे थांबवली, आर्थिक नाकाबंदी लागू केली. कोंडी पोर्तुगीजांची करायची होती आणि ती झालीही. पण तिचा दुसरा परिणाम पाहा. आत्तापर्यंत मुंबईहून, बेळगावहून, सावंतवाडीहून लपूनछपून जाणारी पत्रकं, वर्तमानपत्रं, निरोप, सगळ्यांच्या वाटा आखडल्या. मुक्तीसाठी झटणारी कितीतरी माणसं सीमेच्या या बाजूला, आणि ज्यांच्याशी बोलायचं ते गोमंतकीय त्या बाजूला. आता बोलायचं कसं?

कागदाला रस्ता लागतो, रस्त्यावर नाका असतो आणि नाक्यावर शिपाई. ज्याला रस्ताच लागत नाही असं काय आहे?

इथे ते दोन वायरलेस संच येतात. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्तिसैनिकांच्या छोट्या तुकड्यांनी दादरा, नरोली आणि शेवटी सेलवास अशी एकेक ठाणी घेतली. त्या मोहिमेत आपले सुधीर फडके होते! वर्षाच्या आत, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवरून त्यांनी संगीत दिलेलं 'गीतरामायण' सुरू झालं आणि अवघा महाराष्ट्र रेडिओसमोर बसू लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस, सेलवासच्या त्या लढ्यात हाती आलेले संच दुसऱ्याच एका प्रक्षेपणासाठी तयार झाले.

पण पोलिसांच्या वायरलेस संचाचं रेडिओ केंद्र होतं कसं? पोलिसांचा संच एका ठाण्याने दुसऱ्या ठाण्याशी बोलावं म्हणून बनवलेला. रेडिओ केंद्र तर हजारो घरांशी बोलतं. त्याला वेगळंच यंत्र लागत असेल, असं वाटतं ना?

नाही लागत. पत्रावर पत्ता लिहिलेला असतो, लहरीवर नसतो. ठाण्यातल्या हवालदाराने हुकूम सोडला की ती लहर त्याच्या साहेबाला शोधत जात नाही. ती निघते आणि चहूकडे पसरते. साहेबाच्या संचावरून जाते, शेजारच्या घरावरून, झाडावरून, डोंगरावरून जाते. तिच्या टप्प्यात, तिच्या लांबीशी जुळवून घेतलेला संच ज्याच्याकडे आहे, त्या प्रत्येकाला ती सारखीच मिळते. दोघांचं बोलणं आणि हजारोंना सांगणं यांत निसर्गाने काही फरकच ठेवलेला नाही! हवी असते थोडी जास्त ताकद, चांगली आकाशतार आणि आवाज स्पष्ट उमटेल अशी जुळणी. ज्या यंत्रातून परवापर्यंत राजवटीचे हुकूम सुटत होते, त्याच यंत्राने आता त्या राजवटीचे दिवस भरल्याचं सांगायला सुरुवात केली.

आता जरा आत डोकावू. माणसाचा आवाज लहरीवर बसतो कसा?

बोलताना आपण हवेत सेकंदाला काही शे ते काही हजार कंपनं निर्माण करतो. मायक्रोफोन त्यांचं विजेच्या कंपनांत रूपांतर करतो. मग तीच वीज तारेत सोडून लहरी का नाही फेकायच्या? हिशेब करून बघा. लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते. सेकंदाला ३०० कंपनं असतील तर एकेक लहर १,००० किलोमीटर लांब होते. तिला नीट फेकायला साधारण तिच्या चौथ्या हिश्शाएवढी तार लागते. म्हणजे अडीचशे किलोमीटर! आंबोलीत तारेचं एक टोक बांधलं तर दुसरं टोक पुण्याच्या जरा अलीकडे बांधावं लागेल.

म्हणून एक नामी युक्ती करतात. आधी यंत्रातून लाखो कंपनांची एक वेगवान, एकसुरी लहर तयार करतात आणि तिच्यावर आवाज चढवतात. भिवंडीकरांना हे पटकन कळेल. यंत्रमागावर आधी ताणा लागतो. शेकडो धागे, सगळे एका मापाचे, त्यांत नक्षी म्हणून काही नाही. बाणा आडवा जाऊ लागला की नक्षी उमटते. रेडिओची वाहक लहर म्हणजे हा ताणा, आणि आवाज म्हणजे त्यावर उमटत जाणारी नक्षी. शब्दाबरोबर लहरीची उंची कमी-जास्त होत जाते. पुढची गंमत मात्र कुठल्याच मागावर होणार नाही. ऐकणाऱ्याच्या घरातला रेडिओ ताणा पूर्ण काढून टाकतो आणि नक्षी तेवढी जशीच्या तशी हातात ठेवतो!

वाहक लहर वेगवान असली की तिची लांबी आटोपशीर होते आणि तारही. १९४२ साली मुंबईत चाललेल्या भूमिगत काँग्रेस रेडिओची लहर ४२.३४ मीटरची होती. सेकंदाला सुमारे ७० लाख कंपनं. तिच्या चौथ्या हिश्शाची तार किती? जेमतेम साडेदहा मीटर. दोन झाडांमध्ये सहज ताणता येईल एवढी. अडीचशे किलोमीटरांवरून आपण दोन झाडांवर आलो. भूमिगत रेडिओ मुळात शक्य झाला तो या एका युक्तीने.

आणि जागा म्हणून आंबोलीच का? उंची बघा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे आपली नजर क्षितिजापाशी अडते, पण जितकं उंच जावं तितकं क्षितिज लांब सरकतं. ६९० मीटर उंचीवरून ते ९० किलोमीटरहून थोडं अधिक दूर जातं. आंबोलीपासून पणजी सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. भिवंडीहून मुंबईतलं फोर्ट जेवढं लांब, साधारण तेवढंच. पायथ्याशी पसरलेला सारा उत्तर गोवा त्या उंचीच्या आवाक्यात होता. आणि पोचायला वेळ? सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी. सेन्सॉरच्या माणसाने लग्नपत्रिकेवरून नजर वर करेपर्यंत वाक्य घराघरांत पोचून झालेलं असायचं.

पोचताना त्या लहरीत उरतं किती? अत्यल्प. रेडिओच्या तारेत जागी होणारी वीज व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाइतकी असली तरी चांगला संच ती पकडतो, वाढवतो आणि पुन्हा माणसाचा आवाज करून दाखवतो. तेही १९५५ साली! ट्रान्झिस्टर रेडिओ जगाच्या बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बहुतेक संच काचेच्या व्हॉल्व्हचे, चालू केल्यावर तापायला वेळ घेणारे. ओल त्यांची शत्रू, आणि आंबोलीत वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक ओल्या जागांपैकी एका जागी, रानात, विजेचं नाजूक यंत्र रोज चालवायचं. ही जिद्द कुणाची?

लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांची. केंद्र उभारताना सुरुवातीला निकोलाव मिनेझिशही बरोबर होते, पुढे मात्र या दोघांनीच ते चालवलं. लिबियाबाईंचा जन्म १९२४ चा, आणि त्यांचं तरुणपण मुंबईत गेलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी मुंबईत सेन्सॉर खात्यात काम केलं. इटालियन युद्धकैद्यांची पत्रं वाचायची, त्यांत आक्षेपार्ह काही आहे का ते बघायचं. पुढे त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली आणि कायद्याचं शिक्षण घेतलं. आता हे सगळं एका ओळीत मांडून बघा. सेन्सॉर कसा वाचतो हे त्यांना आतून माहीत. रेडिओ केंद्र कसं चालतं हेही माहीत. कायदा माहीत, पोर्तुगीज येते, कोकणी तर घरची. पोर्तुगीज सेन्सॉरला चुकवणारं केंद्र चालवायला याहून योग्य व्यक्ती कुणी मुद्दाम घडवायची म्हटली असती तरी घडली नसती!

त्यांनी दिवस निवडला तोही कसा! १५१० साली याच तारखेला, २५ नोव्हेंबरला, अफोन्सो द अल्बुकेर्कने गोवा जिंकला होता. सत्तेच्या विजयदिनी त्यांनी तिच्या अंताची घोषणा सुरू केली.

हा मार्ग धरणारे ते पहिले नव्हते. तेरा वर्षांपूर्वी मुंबईने याची चुणूक दाखवली होती. 'छोडो भारत' ठरावानंतर बडे नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली, आणि २७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी हे तो चालवत. भूमिगत असलेले राममनोहर लोहिया त्यामागे उभे होते. याच लोहियांनी १८ जून १९४६ ला मडगावात जाहीर सभेची बंदी मोडून गोवामुक्तीच्या आंदोलनाला तोंड फोडलं. भूमिगत रेडिओची ताकद ओळखणारा माणूस आणि गोव्यात ठिणगी टाकणारा माणूस एकच!

पण मुंबईचा रेडिओ जेमतेम अडीच महिने टिकला. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला आणि उषा मेहतांना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. गोव्याचा रेडिओ सहा वर्षं टिकला. एवढा फरक कशाने पडला?

उत्तर पुन्हा लहरीच्या स्वभावात आहे. लहर सगळीकडे जाते खरी, पण जाताना आपण आलो कुठून तेही सांगून जाते. तारेचं गोल वेटोळं घ्या आणि त्यावर लहर पकडून ते हळूहळू फिरवा. एका ठराविक दिशेला आवाज एकदम खोल जातो. त्यावरून प्रक्षेपक कुठल्या रेषेवर आहे ते कळतं. आता दुसऱ्या जागी जाऊन तेच करा. दुसरी रेषा मिळाली. दोन्ही रेषा नकाशावर ओढा, जिथे एकमेकींना छेदतील तिथे प्रक्षेपक! म्हणून काँग्रेस रेडिओला सतत जागा बदलावी लागे. आज या इमारतीत, चार दिवसांनी त्या. जितकं जास्त बोलाल तितकं लवकर सापडाल, असा तो जीवघेणा हिशेब होता. त्यातच एका तंत्रज्ञाच्या फितुरीने घात केला.

आंबोलीत हाच हिशेब उलटा झाला. समजा पणजीतल्या अधिकाऱ्यांनी दोन रेषा ओढल्या, त्या आंबोलीच्या रानात छेदल्या. पुढे काय? तिथवर जायला भारताची हद्द ओलांडायला हवी! जी बंद सीमा गोमंतकीयांना तोडत होती, तीच आता केंद्राचं रक्षण करत होती. माणसाला आणि कागदाला जाता येत नाही, पोलिसाला येता येत नाही, लहर मात्र बेधडक ये-जा करते. हद्दीबाहेर राहून चालवलेल्या प्रत्येक मुक्तिरेडिओचं बळ या एका भूमितीत आहे.

आणि ऐकणारा? त्याच्यासाठी निसर्गाने आणखी मोठी सोय करून ठेवली आहे. बोलणारा दिशा देऊन जातो, ऐकणारा जवळपास काहीच देत नाही. पेडण्यात, म्हापशात किंवा मडगावात कुणी दार लावून, आवाज अगदी बारीक करून तेच केंद्र लावलं, तर लांब बसलेल्या अधिकाऱ्याला ते कळणार कसं? पत्रक घरात सापडलं तर पुरावा असतो. ऐकलेलं वाक्य झडतीत सापडत नाही. बटण जरासं फिरवलं की काटा दुसऱ्या केंद्रावर, पुरावा संपला. अशा वेळी सत्तेच्या हाती उपाय उरतात दोनच. त्याच लहरीवर गोंगाट सोडायचा, किंवा लोकांना घाबरवायचं.

आता मला सर्वांत अद्भुत वाटतं त्या गोष्टीकडे येऊ या. यंत्र मिळालं, जागा मिळाली, लहर पोचली. पण रोज बोलायचं काय?

दोन भाषा, दोन श्रोते. कोकणी होती गावागावांतल्या माणसांसाठी. पोर्तुगीज होती सरकारी कचेऱ्यांतल्या लोकांसाठी, शिकलेल्या गोमंतकीय घरांसाठी आणि छावण्यांतल्या सैनिकांसाठी. शत्रूच्या सैनिकाशी त्याच्याच भाषेत रोज बोलायचं! पण त्याने ते ऐकत राहावं आणि मानावं असं वाटत असेल तर एक अट होती. खोटं सापडता कामा नये. कचेरीतल्या माणसाला आतली माहिती असते. एक बातमी थापेबाज निघाली की उद्यापासून तो काटा तुमच्या केंद्रावर थांबणार नाही. म्हणून आधी ऐकणं, मग बोलणं. पणजीचं 'एमिसोरा द गोवा' काय म्हणतं, लिस्बन काय म्हणतं, जगातली इतर केंद्रं काय सांगतात, ते ऐकायचं, टिपायचं, ताडून बघायचं आणि मग आपलं निवेदन लिहायचं. रानात बसलेली दोन माणसं एका सरकारच्या प्रचारयंत्रणेला रोज उत्तर देत होती.

त्या उत्तरांना जगाचीही साथ मिळत गेली. आफ्रिकेत एकेक वसाहत स्वतंत्र होत होती. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून पोर्तुगालच्या या 'प्रांतां'ची यादी केली आणि त्यांना स्वयंशासन नसलेले प्रदेश ठरवलं. त्या यादीत गोवा होता. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला. सेन्सॉरच्या कात्रीखालून यातलं काय गोव्यातल्या वर्तमानपत्रापर्यंत नीट पोचलं असतं? रेडिओवरून मात्र अंगोलाची बातमी म्हापशाच्या माजघरात पोचत होती. आपण एकटे नाही, हे माणसाला कळणं केवढी मोठी गोष्ट असते!

आणि यात 'रोज' हा शब्द विसरू नका. एखादं धाडस एकदा करणारे पुष्कळ असतात. पण सहा वर्षं, उन्हाळा-पावसाळा, आजारपण-कंटाळा, सगळ्यांतून ठरल्या वेळी बोलायचं, तेही समोर कुणी दिसत नसताना! टाळ्या नाहीत, पत्रं येण्याची सोय नाही. पुढे केंद्र आंबोलीहून कॅसल रॉककडच्या रानात हललं, तरी आवाजात खंड पडला नाही. रेडिओच्या बाबतीत हा नेम विजेइतकाच महत्त्वाचा असतो. ठरल्या वेळी काटा फिरवावा आणि तो आवाज तिथे असावा, असं महिनोन् महिने झालं की ऐकणाऱ्याच्या मनात एक खात्री तयार होते. ज्यांच्याकडे एवढी चिकाटी आहे ते हरणारे लोक नाहीत, ही ती खात्री. शिवाय त्याच क्षणी आणखी कितीतरी घरांत हेच ऐकलं जातंय, हेही त्याला ठाऊक असतं. एकमेकांशी उघड बोलू न शकणारी माणसं एकाच वेळी एकच वाक्य ऐकतात, आणि न भेटताच त्यांचा एक समाज बनत जातो.

डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य सीमेवर जमलं. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरण यावं, हे भारताचं आवाहन याच केंद्रावरून पोर्तुगीजांना ऐकवलं गेलं. लिस्बनहून सालाझार यांचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा. १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उद्ध्वस्त केलं. अनेक वर्षं गोव्याच्या हवेत दोन आवाज भांडत होते, त्यांतला तोफांच्या जिवावर बोलणारा आवाज एका दिवसात मुका झाला. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. जिवंत माणसांना व्यर्थ मरायला लावायचं त्यांनी नाकारलं आणि त्यासाठी पुढे लिस्बनचा रोष सोसला.

त्याच दिवशी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई विमानात बसले. विमानाला ध्वनिक्षेपक जोडलेला. दोन तासांहून अधिक काळ ते गोव्यावरून फिरत होते आणि गोवा स्वतंत्र झाला, हे पोर्तुगीज आणि कोकणीतून आकाशातून सांगत होते. किती विलक्षण! सहा वर्षं जो आवाज दारं लावून ऐकला, तो आता अंगणात उभं राहून, मान वर करून, शेजाऱ्याच्या देखत ऐकता येत होता. वाहक लहर नको, संच नको, काटा नको. साधा माणसाचा आवाज, साध्या हवेतून. तीन वर्षांनी, १९ डिसेंबर १९६४ ला, या दोघांनी लग्न केलं. वामन सरदेसाई पुढे भारताचे राजदूत झाले, आणि कुठे, तर ज्याच्या उठावाची बातमी १९६१ साली जग ऐकत होतं त्या अंगोलात! लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली.

हीच भूमिती जगभर पुन्हा पुन्हा दिसते. १९७१ साली 'स्वाधीन बांगला बेतार केंद्र' चितगावजवळ कालूरघाटला जन्मलं आणि पुढे कोलकात्यातून बोलत राहिलं. दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा 'रेडिओ फ्रीडम' देशाबाहेर पडून मित्रदेशांतून वर्षानुवर्षं वर्णद्वेषी सत्तेला ललकारत राहिला. आणि खुद्द पोर्तुगाल? सालाझारशाहीला विटलेले पोर्तुगीज विरोधक हद्दपार होऊन अल्जिअर्सला गेले, तिथून त्यांनी आपल्याच देशबांधवांसाठी रेडिओ केंद्र चालवलं. त्याचं नाव काय असावं? 'व्हॉझ द लिबरदाद'! ज्या राजवटीच्या विरोधात आंबोलीच्या रानात हे नाव उच्चारलं गेलं, तिच्याच विरोधात पोर्तुगीजांनी ते भूमध्य समुद्राच्या काठी उच्चारलं.

शेवटही रेडिओनेच व्हावा! २४ एप्रिल १९७४ च्या रात्री लिस्बनमध्ये उठावाच्या तयारीत असलेले लष्करी अधिकारी रेडिओ लावून बसले होते. ठरलेलं एक गाणं लागलं, म्हणजे तयार राहा. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावर दुसरं गाणं लागलं, म्हणजे निघा. दिवस उजाडून मावळेपर्यंत जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. सालाझारांचं सरकार ज्या सत्याला 'प्रचार' म्हणत होतं, त्यावर लिस्बननेच सही केली.

या कथेचा अर्धा भाग नोंदला गेला आहे: कोण बोललं, कुठून, कधी. उरलेला अर्धा भाग ऐकणाऱ्यांचा आहे, आणि ऐकण्याचा पुरावा मागे राहत नाही हेच तर त्याचं बळ होतं. तो भाग आता फक्त माणसांच्या आठवणीत आहे. पेडणे, डिचोली, म्हापसा, सावंतवाडी, दोडामार्ग इथे तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. नोकरीधंद्यासाठी मुंबई-ठाण्याकडे आलेल्या कोकणी आणि गोमंतकीय घरांतही ती असतील. तुमच्या आजी-आजोबांपैकी, शेजाऱ्यांपैकी कुणी तिकडचे असतील तर त्यांना विचारा: घरात रेडिओ होता का, कुठे ठेवलेला, कोण लावायचं, दार कोण लावून घ्यायचं, ऐकून झाल्यावर मोठी माणसं काय बोलायची. मोबाईल समोर ठेवा आणि ते सांगतील ते रेकॉर्ड करा. वीस वर्षांनी हे सांगायला कुणी नसेल. ज्यांनी रोज ठरल्या वेळी बोलण्याचं व्रत सहा वर्षं पाळलं, त्यांचे श्रोते शोधून काढणं एवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं.